शाल-श्रीफळाच्या पलीकडे

१ ऑक्टोबरचा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की आपल्याकडे शाल-श्रीफळाची खरेदी सुरू होते. जपानमध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी वृद्धांच्या सन्मानार्थ चक्क सार्वजनिक सुटी असते. परदेशात आई-बाप जड होतात, आपल्याकडे नाही, हा आपला लाडका समज. मग आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा का करावा लागला?

गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बांधीवर जाऊन पाहावं. धुऱ्यावर उभा म्हातारा नुसत्या नजरेनं सांगतो, पऱ्हे लावणीला आले की नाही. त्याचं ऐकतातही. पण धानाचे पैसे आले की हिशेबात त्याला कोणी विचारत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार तेवढे त्याचे, तेही बरेचदा घरातच जिरतात.

तरुणांची गत निराळी नाही. ‘आजकालचे पोट्टे मोबाइलमधून डोकं काढत नाहीत,’ हे पारावरचं ठरलेलं वाक्य. हेच पोट्टे धान कापून झालं की नागपूर-हैदराबादला कामाला जातात आणि त्यांच्या कमाईवर घराला स्लॅब पडतो, हे मात्र पारावर कोणी काढत नाही. एकविसाव्या वर्षी कायद्यानं सरपंच होता येतं. पण सभेत त्या वयाच्या पोट्ट्याला सतरंज्या अंथरायला सांगतात.

नवेगावबांधसारखे तलाव उभारणाऱ्या कोहळी समाजाची पाण्याची विद्या अजून काही म्हाताऱ्यांपाशी आहे. ती टिपून घ्यायला हात तरुणांचेच लागतील. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोघांनाही बोलू द्या, आणि काय झालं ते आम्हाला कळवा.