कणीक मळून झाली तरी...

मागच्या वेळी लोणच्याच्या बरणीवर लिहिलं होतं, आज एकदम इंग्रजी रॉक संगीतावर. भाचे-पुतणे हसणार आहेत, हसा खुशाल! बाकीच्यांनी 'बाईंना या वयात काय झालं' असं म्हणायच्या आधी जरा वाचून बघा.

या संगीताची ओळख मी आपणहून करून घेतलेली नाही. १९९२ साली आमच्या चिरंजीवांना टेपरेकॉर्डर चालू असल्याशिवाय अभ्यास जमत नसे. मित्राकडून भरून आणलेल्या एका कॅसेटवर 'द क्युअर' या इंग्लंडमधल्या बँडची गाणी होती. त्यातलं 'फ्रायडे आय'म इन लव्ह' घरात इतक्या वेळा वाजलं की पोळ्या लाटताना मीच ते गुणगुणायला लागले. त्यात आठवड्याचे सगळे वार येतात. तेव्हा आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. या मुलांना वारांची नावं शिकवायला गाणं बरं आहे, असंही मनात येऊन गेलं. (शिकवलं नाही. हेडमास्तरांना काय सांगणार?)

पुढे कळलं की हा बँड मुळात उदास गाण्यांबद्दल प्रसिद्ध. त्यांचा १९८९ चा 'डिसइंटिग्रेशन' चिरंजीवांचा सर्वांत लाडका. मी मात्र 'ते शुक्रवारचं लाव रे' असंच म्हणायची.

मग १ नोव्हेंबर २०२४ ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, त्यांचा नवा अल्बम आला, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. आधीचा २००८ चा, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेली. गाणी आठ, वेळ पाऊण तासाहून थोडा जास्त. सगळी गाणी रॉबर्ट स्मिथने एकट्याने लिहिलेली. केस विस्कटलेले, ओठ लाल रंगवलेले, तोच तो. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. चिरंजीव आता पन्नाशीला टेकलेत. त्यांनी फोनवर गाणी लावून दिली आणि म्हणाले, "आई, सबंध ऐक. मधेच बंद करू नकोस."

मी परात पुढे घेऊन बसले. पहिलं गाणं 'अलोन'. वाद्यं सुरू झाली. ढोल संथ, त्यावर पसरट सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. माझी कणीक मळून झाली, तेलाचा हात लावून झाकून ठेवली, तरी माणूस गायला सुरुवात करीना! तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसतं वाजत होतं. मला वाटलं, फोनच अडकला. शेवटचं 'एंडसाँग' तर दहा मिनिटांच्या वर, आणि त्यात गळा ऐकू येतो तो सहा मिनिटं उलटल्यावर. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे आलापी नाही का? आहे, पण आलापात एकेक स्वर उलगडत जातो, राग पुढे सरकतो. इथे तर एकाच जागी घोळणं चाललेलं. मी चिरंजीवांना सांगून टाकलं, "तुझा माणूस म्हातारा झाला. दम राहिला नाही, म्हणून वाजवून वेळ काढतोय."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून माझ्या चष्म्याच्या घराखाली ठेवून गेले.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून बी. ए. गायलेलं इंग्रजी मला कळत नाही, छापलेलं कळतं. शब्दकोश घेऊन बसले. 'अलोन' मागे अर्नेस्ट डाउसन या कवीची 'ड्रेग्ज' नावाची कविता आहे, असं स्मिथनेच मुलाखतीत सांगितलंय. ड्रेग्ज म्हणजे पेल्याच्या तळाशी उरलेला गाळ. हा कवी १९०० साली वारला, अवघा बत्तीस वर्षांचा. तरुणपणी लिहिलेला गाळ आणि पासष्टाव्या वर्षी चाखलेला गाळ यांत फरक असणारच. हे कळल्यावर मात्र तो आधीचा वाजवण्याचा वेळ मला वेगळा ऐकू यायला लागला. बोलायचं आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाहीत, असा माणूस समोर बसलेला असतो ना, तसा. गाळ खाली बसायला वेळ लागतो, आणि तोवर भांडं हलवायचं नसतं.

पण मला खरं धरलं ते सहाव्या गाण्याने, 'आय कॅन नेव्हर से गुडबाय'. स्मिथचे आई, वडील आणि थोरला भाऊ रिचर्ड, सगळे काही वर्षांच्या अंतराने गेले. हे गाणं भावाचं आहे. सुरुवातीला ढगांचा गडगडाट आणि पियानोवर चार सोपे सूर, लहान मुलाने एका बोटाने वाजवावेत तसे. शब्दांत 'मॅक्बेथ'मधल्या चेटकिणीचं एक वाक्य त्याने घेतलंय, काहीतरी दुष्ट इकडे येतंय असं सांगणारं. आणि ते येतं ते भावाला न्यायला. बाकी अलंकार नाहीत, उपमा नाहीत. मी मराठी शिकवणारी, उपमा नसली की मार्क कापणारी. इथे कापायला हात उचलेना.

आमचा दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूरला गेला. मी सांगलीत. गाड्यांचा भरवसा नव्हता, आणि पोचले असते तरी दाखवलं नसतं. वहिनीशी फोनवर बोलले, आंघोळ केली, दिवा लावला, संपलं. माणूस गेला तर रडायची सुद्धा एक जागा लागते, ती मिळाली नाही. ती या परक्या माणसाच्या गाण्यात मिळेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी तेच गाणं चार वेळा लावलं. हे घरात कोणाला माहीत नाही, आता वाचून कळेल.

तर माझं म्हणणं एवढंच, आपण म्हाताऱ्या कलावंताशी नीट वागत नाही. उतारवयातल्या गायकाने मैफलीत नवीन काही मांडायला घेतलं की मागून आवाज येतोच, "बुवा, ते नाट्यपद होऊन जाऊ द्या!" मीही 'शुक्रवारचं लाव' म्हणणाऱ्यांतलीच. पासष्टीच्या माणसाने तिशीतलं गाणं पुन्हा गायलं की आपण म्हणतो, 'आवाज अजून तसाच आहे हो!' (स्मिथचा खरंच तसाच आहे.) आणि पासष्टीचं गायलं की म्हणतो, 'थकला.' पेपर तपासताना मी पहिलं पान बघूनच मनाशी मार्क ठरवत असे, आज हे कबूल करते. त्यात किती पोरांचे गेले असतील कोण जाणे.

सगळंच आवडलं असंही नाही. 'ड्रोन:नोड्रोन'मधलं गिटार म्हणजे शेजारी फरशी कापतायत की काय असं वाटतं. पाच-सहा वेळा ऐकूनही मत बदललेलं नाही, बदलेलसं वाटतही नाही. 'वॉरसाँग'ही तसंच, पण ते निदान लवकर संपतं. चिरंजीव म्हणतात, ही दोन नसती तर बाकीची इतकी शांत वाटली नसती. असेलही.

'एंडसाँग' आता रात्री, दिवा मालवून ऐकते. स्मिथ अंधारात बाहेर उभा राहून चंद्राकडे बघतोय, आणि त्या वेळच्या मुलाचं काय झालं, आपण इतके म्हातारे कधी झालो, असं स्वतःलाच विचारतोय. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तो दहा वर्षांचा होता, वडिलांबरोबर अंगणात उभा राहून चंद्र बघितल्याची ती आठवण. मी सतरा वर्षांची होते. २१ जुलैला रेडिओवर बातमी ऐकली आणि रात्री दादा मला ओढत गच्चीवर घेऊन गेला. पावसाळ्याचे दिवस, आभाळ गच्च भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. मी म्हटलं, काही दिसत नाही, चल खाली. तर म्हणाला, "थांब गं जरा, ढग सरकतील." तासभर तरी उभे होतो. शेवटी आई काठी घेऊन वर आली.