पॉवरहाऊस म्हणजे काय रे भाऊ?

बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेली जनता आपल्या कॉलेजात कमी नाही. कारण सगळ्यांचं एकच : बायो म्हणजे नुसती घोकंपट्टी! मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय विचारा, उत्तर तयार. "पॉवरहाऊस ऑफ द सेल." मराठी मीडियमवाले म्हणतील तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र. (इतका छान शब्द आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कधी कानावरच पडला नाही.) मार्क मिळाले, विषय संपला. माझं म्हणणं, खरा विषय तिथे सुरू होतो आणि तो आपला, म्हणजे इंजिनिअर लोकांचा आहे.

पावसाळ्यात आपण भजी खायला मुळशीला जातो ना? त्या धरणाचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं आणि टर्बाइन फिरवतं. तंतुकणिकेत सेम टु सेम. तिला दोन पडदे असतात. आतल्या पडद्यातली प्रथिनं अन्नातून मिळालेल्या इलेक्ट्रॉन्सच्या जोरावर प्रोटॉन्स पलीकडे पंप करतात. हे झालं धरण. प्रोटॉन्सची परतीची मुख्य वाट एटीपी सिंथेज नावाच्या टर्बाइनमधून, आणि तो खरोखर गरागरा फिरतो! एका फेरीत एटीपीचे ३ रेणू. आतल्या पडद्याला घड्या का, हे मग पाठ करावं लागत नाही. जागा तेवढीच आणि टर्बाइन जास्त बसवायचे, दुसरं काय!

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी खास : सुमारे ५ नॅनोमीटरच्या पडद्यावर साधारण ०.१५ व्होल्ट. भागाकार करा. मीटरमागे ३ कोटी व्होल्ट! हवेत याच्या दहाव्या हिश्श्यात ठिणगी पडते. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत तर या धरणाला मुद्दाम गळती ठेवलेली असते. एटीपी कमी, ऊब जास्त.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ही मोटर सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिली.

आणि आपण? पंप, टर्बाइन, व्होल्टेज सगळं शिकतो आणि स्वतःच्या अंगातलं मशीन 'ऑप्शनला' टाकतो. दरवर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटला त्याच त्या फॅक्टऱ्या. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. यंदा तिथे विचारून तर बघू. बसचा खर्चही वाचेल, तिथे पीएमपी जाते.