सर्पविषाचे संकलन

कोकणातील वाचकांस फुरसे चावून माणूस दगावल्याचे वर्तमान नवे नाही, आणि देशावरील वाचकांस घोणस व मण्यार यांची ओळख करून देण्याची गरज नाही. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. या संकटावर खरे औषध एकच, ते म्हणजे प्रतिविष. आणि ते तयार करण्यास सापाचेच विष लागते. हे विष कोण काढतो, कोठे काढतो, याची विचारपूस आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक फारशी करीत नाही. ती केली पाहिजे, असे आमचे मत आहे.

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांची एक सहकारी संस्था आहे. पूर्वी हे लोक सापांची कातडी विकून पोट भरीत. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, कातड्यांचा व्यापार बुडाला आणि त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली ही संस्था स्थापन झाली. पकडलेला साप मातीच्या मडक्यात ठेवतात व मडक्याच्या तोंडास कापड बांधतात. विष काढतेवेळी सापाची मान हलक्या पण निश्चित हाताने धरून त्याचे दात काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यात रुतू देतात. पिवळसर थेंब भांड्यात उतरतात. आठवड्यातून एकदा याप्रमाणे तीन-चार आठवडे विष घेतले की पोटावरील खवल्यास खूण करून साप पुन्हा रानात सोडतात. खुणेमुळे तोच साप लगेच पुन्हा धरला जात नाही. नागपंचमीस दात उपटलेला नाग दारोदार मिरविणारा गारुडी आणि दात शाबूत ठेवून केवळ विष घेणारा इरुळा, यांतील अंतर वाचकांनीच पाहावे.

गोठवून सुकविलेले हे विष पुढे औषध करणाऱ्या कारखान्यांत जाते. तेथे ते अत्यल्प प्रमाणात घोड्यास टोचतात, मात्रा हळूहळू वाढवितात आणि घोड्याच्या रक्तात जे प्रतिकारक द्रव्य उत्पन्न होते ते वेगळे करून कुप्यांत भरतात. एका फुरशापासून मिळणारे सुके विष इतके थोडे असते की एका ग्रॅमसाठी फुरशी शेकड्यांनी लागतात. अक्षरशत्रू म्हणून ज्यांची हेटाळणी झाली त्यांच्या हातचे हे कसब आम्ही विद्याच समजतो. २०२३ साली वडिवेल गोपाल व मासी सडैयन या दोघा इरुळांस पद्मश्री मिळाली. ती फार आधी मिळावयास हवी होती.

परंतु गौरवाने काम भागत नाही. देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष याच एका ठिकाणाहून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष सर्व प्रांतांत सारखे नसते. भक्ष्य, हवामान व प्रदेश यांप्रमाणे त्यात फरक पडतो. कालमेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ साली नागाच्या विषावर पहिले प्रतिविष सिद्ध केले, तेव्हा ते सर्व सापांवर चालेल अशी त्यास आशा होती. घोणसापुढे ते निरुपयोगी ठरले. तो धडा जातीजातींतील भेदाचा होता. प्रांताप्रांतांतील भेदाचा धडा आपण अद्याप गिरवीत आहोत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की प्रचलित प्रतिविष राजस्थानातील फुरशाच्या विषावर फारच अपुरे पडते. (यावरून प्रतिविष कुचकामी आहे असा अर्थ कोणी पालकाने काढू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशावर आज तेच प्राण वाचविते. मांत्रिकाकडे घालविलेली घटका मात्र परत मिळत नाही.)

म्हणून आमची मागणी अशी की निरनिराळ्या प्रांतांत, आपल्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांसही, तेथील सापांचे विष रीतसर संकलित व्हावे आणि ते प्रतिविषाच्या निर्मितीत मिसळले जावे. काही जण म्हणतील, हे काम जिवावरचे आहे व सापांवरही जुलूम होईल. जोखीम खरीच, म्हणून ते परवाना असलेल्या शिक्षित माणसांकडेच असावे, हौशी तरुणांकडे नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनी तर सापास हात लावण्याचे धाडस मुळीच करू नये. सापांविषयी म्हणावे तर वडनेम्मेलीचा खूण करून सोडून देण्याचा पाठ समोर आहे. केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केलेल्या आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले आहे. परळच्या हाफकिन संस्थेसारखी जुनी संस्था आपल्या राज्यात आहे, आणि कोकणच्या कातळावर फुरशांची वाण नाही. खर्च कोण करणार, एवढाच प्रश्न सरकारदरबारी सुटावयाचा आहे.