वीस चिठ्ठ्यांचा हिशेब

आमच्या मुलींच्या वसतिगृहात गेल्या सत्रात एक पुस्तक हातोहात फिरत होते. मुखपृष्ठ केव्हाच निघून गेलेले, मधली काही पाने सुटून पुन्हा चिकटवलेली. माझ्याकडे ते कन्नड विभागातल्या एका मैत्रिणीकडून आले. देताना ती म्हणाली, "परवापर्यंत परत दे बघ, पुढं चौघीजणी वाट बघत बसल्यात." पुस्तक म्हणजे सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही २००८ सालची कादंबरी. २०१२ मध्ये निघालेला तिच्यावरचा चित्रपट आमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला होता, तरी पुस्तकाची ओढ कमी नव्हती.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर पॅनेम नावाचे राष्ट्र उभे आहे. मध्यभागी ऐश्वर्यात लोळणारी राजधानी कॅपिटॉल आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. या जिल्ह्यांनी पूर्वी एकदा बंड केले होते. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांच्या आतला एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडतात. ही चोवीस मुले एका बंदिस्त रानात सोडायची, त्यांनी एकमेकांना मारायचे, आणि शेवटी जो एक जिवंत राहील तो विजेता. हे सर्व राष्ट्राला दूरचित्रवाणीवर सक्तीने पाहावे लागते. बाराव्या जिल्ह्यातली, कोळशाच्या खाणीत वडील गमावलेली सोळा वर्षांची कॅटनिस ही कथेची नायिका.

वाङ्मय मंडळाच्या एका बैठकीत या पुस्तकाचा विषय निघाला तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी असे मत मांडले की, मनुष्य मुळात पशूच आहे. कायद्याचे आणि समाजाचे कुंपण काढून त्याला रानात सोडले की तो आपले खरे रूप दाखवतो, आणि ही कादंबरी तेच सांगते. सरांनी आधाराला विल्यम गोल्डिंगची १९५४ सालची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' घेतली. सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण त्या वेळी बोलायचे धैर्य झाले नाही. म्हणून हा लेख. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मला म्हणायचे आहे की या दोन पुस्तकांना एका पंक्तीला बसवणे बरोबर नाही.

गोल्डिंगच्या बेटावर मोठी माणसे नाहीत, नियम नाहीत, म्हणून मुले हळूहळू रानटी होतात. कॉलिन्सच्या रानात याच्या नेमके उलटे आहे. तिथे नियमांना तोटा नाही. कोणी केव्हा निघायचे, कोठे उभे राहायचे, किती जणांनी जगायचे, सगळे वरून ठरलेले. मुले मारतात ती नियम सुटले म्हणून नव्हे, नियम तसा आहे म्हणून. जपानी लेखक कौशुन ताकामी यांच्या १९९९ सालच्या 'बॅटल रोयाल'मध्येही तसेच. तिथे बेचाळीस मुलांचा एक अख्खा वर्ग बेटावर नेतात, प्रत्येकाच्या गळ्यात स्फोटक पट्टा अडकवतात, आणि चोवीस तासांत कोणीच मेले नाही तर सगळेच पट्टे फुटतील अशी तंबी देतात. याला मनुष्यस्वभावाची परीक्षा म्हणावे काय? माझ्या मते ही मुलांची नव्हे, पट्टा बांधणाऱ्याची परीक्षा आहे.

नुसती मोकळी सोडलेली मुले काय करतात, याचा एक खरा दाखला उपलब्ध आहे. १९६५ मध्ये टोंगा या प्रशांत महासागरातल्या देशातून सहा शाळकरी मुले एका कोळ्याची होडी पळवून समुद्रात गेली. वादळात होडी भरकटली आणि आठ दिवसांनी ती 'अता' नावाच्या निर्जन बेटाला लागली. पंधरा महिन्यांहून अधिक काळ ही मुले तिथे राहिली. त्यांनी भाजीपाला लावला, पोकळ केलेल्या झाडाच्या खोडात पावसाचे पाणी साठवले, एकदा पेटवलेला विस्तव पाळ्या लावून विझू दिला नाही. भांडण झाले की दोघांनी दोन दिशांना जायचे आणि राग शमला की परत यायचे. एक जण कड्यावरून पडून त्याचा पाय मोडला. इतरांनी काटक्या बांधून तो बसवला आणि तो बरा होईपर्यंत त्याचे काम आपसात वाटून घेतले. सप्टेंबर १९६६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन नौकाधिपतीला ती सापडली तेव्हा सहाही धडधाकट होती. सहा मुलांवरून साऱ्या मानवजातीचा निष्कर्ष काढता येत नाही, हे कबूल. पण गोल्डिंगची मुले तर कल्पनेतलीच होती.

आणि रान! कॅटनिसचे रानाशी वैर नाहीच. वडील गेल्यानंतर आई खचून बसली तेव्हा गावाच्या कुंपणाबाहेरच्या रानानेच या मुलीचे घर चालवले. तिचे नाव सुद्धा पाण्यात उगवणाऱ्या एका कंदाचे आहे. स्पर्धेच्या रानातही ती फासे लावते, मुळे ओळखते, रात्री झाडावर स्वतःला पट्ट्याने बांधून घेऊन झोपते. ती फार दूर जाऊन सुरक्षित बसली तेव्हा तिला इतरांकडे रेटण्यासाठी आग कोणी लावली? संचालकांनी. शेवटी उरलेल्यांना तळ्याकाठी एकत्र आणण्यासाठी ओढे कोणी आटवले? त्यांनीच. ज्याला आपण रान म्हणतो तो एक भला मोठा रंगमंच आहे आणि पडद्याआड दोऱ्या ओढणारे पगारी लोक बसलेले आहेत. उगीच बिचाऱ्या रानाला बदनाम कशाला करावे?

पण मला ज्या पानाने थांबवले त्यात रानही नाही आणि रक्तही नाही. ते पान पहिल्याच प्रकरणात येते आणि आमच्या वसतिगृहातल्या बहुतेकींनी ते भरभर उलटलेले होते. त्यात आहे तो नुसता हिशेब.

बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असे करत अठराव्या वर्षी सात. इथवर गरीब-श्रीमंत सारखेच. पण ज्याच्या घरात दाणा नाही त्याला एक सवलत आहे. त्याने आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची आणि तिच्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढे धान्य आणि तेल न्यायचे. घरातल्या प्रत्येक माणसामागे अशी एकेक चिठ्ठी टाकता येते, आणि वर्ष संपले म्हणून ती बाद होत नाही, साचत जाते. कॅटनिसच्या घरात आई, धाकटी बहीण प्रिम आणि ती स्वतः अशी तीन तोंडे. बाराव्या वर्षापासून दरवर्षी तीन जादा चिठ्ठ्या, म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत पंधरा. वयाच्या पाच मिळवल्या की वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा आणि त्याच्या घरात पाच माणसे. त्याच्या चिठ्ठ्या बेचाळीस. रोज पोटभर जेवणाऱ्या त्याच्या वयाच्या मुलाच्या मात्र सात.

हे वाचताना मी पेन्सिल घेऊन वहीच्या कोपऱ्यात आमच्या घराची बेरीज मांडली. आम्ही सहा माणसे. लहानपणी आईबरोबर पिशव्या घेऊन मी रेशनच्या रांगेत पुष्कळदा उभी राहिले आहे. कार्डावरची नावे मोजून तांदूळ मिळतो आणि तो महिनाअखेरपर्यंत कसा पुरवायचा, हे मला पुस्तकात वाचावे लागले नाही. (आमच्या दुकानदाराने तांदळाच्या बदल्यात कधी कोणाचे नाव मागितले नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे.) माझ्या वयाला, म्हणजे वीस ही काही त्या स्पर्धेची वयोमर्यादा नव्हे, पण अठराव्या वर्षी माझ्या चिठ्ठ्या एकोणपन्नास झाल्या असत्या. माझ्या धाकट्या बहिणीला मीही एकही जादा चिठ्ठी टाकू दिली नसती. कॅटनिसनेही प्रिमला टाकू दिली नाही.

इथे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने मला अडवले. ती म्हणाली, "अगं, पण नाव तर प्रिमचंच निघालं ना? तिची एकच चिठ्ठी होती. मग गरिबांचंच नाव निघतं असं कुठं आहे?" मुद्दा बिनतोड वाटतो खरा. हजारोंमध्ये एकच चिठ्ठी, आणि नेमकी तीच हाती लागते. मग कॅटनिस बहिणीच्या जागी स्वतः उभी राहते. पण मला वाटते चिठ्ठीची खरी करामत इथेच आहे. अधूनमधून ती एक चिठ्ठीवाल्यालाही गाठते, म्हणून तर सगळे तिला न्याय म्हणतात. नगराध्यक्षांच्या मुलीचे नावही त्याच काचेच्या भांड्यात असते. गेल तिच्यावर चिडतो, आणि तोच शांत डोक्याने असेही जाणतो की उपाशी माणसाने पोटभर जेवणाऱ्याचा द्वेष करावा, म्हणजे दोघांचेही लक्ष कॅपिटॉलकडे जाणार नाही, याचसाठी ही व्यवस्था आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. महाभारतातल्या एकचक्रा नगरीत बकासुराकडे दरवेळी एका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा असतो. पाळी सर्वांना सारखी. आपल्याला यातला भीम तेवढा आठवतो, कारण त्याने बकासुरासमोर बसून ते सगळे अन्न फस्त केले. पण आदिपर्वात त्या ब्राह्मणाचा विलाप जरूर वाचावा. आपल्याजवळ एखादा माणूस विकत घेण्याइतके द्रव्य नाही, असे तो म्हणतो. याचा अर्थ उघड आहे. द्रव्य असते तर त्याच्या घरची पाळी दुसऱ्याच कोणी भरली असती. आणि जो रक्षण करीत नाही अशा राजाच्या राज्यात आपण राहिलो, हा दोषही तो सांगतो. पुढे बाप, आई, मुलगी, एकेक जण म्हणू लागतो की मीच जाते, मीच जातो. प्रिमचे नाव पुकारल्यावर कॅटनिस धावते तो प्रसंग वाचताना मला ते घर आठवले.

हे सारे पुराणात आणि कादंबरीतच घडते असेही नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या भरतीची सोडत झाली. वर्षाचे ३६६ दिवस निळ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांत घालून त्या काचेच्या भांड्यातून एकेक काढल्या गेल्या. १४ सप्टेंबर पहिला निघाला. हेही दूरचित्रवाणीवर दाखवले. जन्मतारखेपुढे सगळे समान! फक्त जो महाविद्यालयात शिकत होता त्याला भरती पुढे ढकलून घेता येत होती. गोळ्या नीट मिसळल्या नव्हत्या आणि वर्षअखेरच्या महिन्यांतल्या मुलांवर त्यामुळे अन्याय झाला, हे संख्याशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. त्यावर बराच वाद झाला. महाविद्यालयाची फी कोणाला परवडत होती हा प्रश्न मात्र कोणत्याही गोळीत नव्हता. त्या काळात, सोडतीच्याही आधी, स्टीफन किंग नावाच्या महाविद्यालयातल्या एका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने 'द लाँग वॉक' ही कादंबरी लिहिली. ती १९७९ मध्ये टोपणनावाने छापली गेली. तीत शंभर मुले ताशी चार मैलांच्या वेगाने चालत राहतात. वेग कमी झाला तर तीन सूचना आणि मग गोळी. ती मुले तर स्वखुशीने नाव देतात. कॉलिन्स यांचे वडील हवाई दलात होते आणि १९६८ मध्ये, त्या सहा वर्षांच्या असताना, व्हिएतनामला गेले होते. त्या वर्षावर त्यांनी पुढे लहान मुलांसाठी पुस्तक लिहिले, 'इयर ऑफ द जंगल'. बाप रानात गेला आहे आणि घरी दूरचित्रवाणीवर ते रान दिसते आहे, हे त्यांना कल्पनेने रचावे लागले नसणार.

असो. आमच्या वसतिगृहातल्या गोष्टी सांगण्याच्या तऱ्हेकडे परत येते. माश्यांचे पोळे फांदीसकट कोसळते तो प्रसंग आम्ही जेवणाच्या टेबलावर किती वेळा रंगवून सांगितला असेल! सांगताना माझेही डोळे चमकत होते. कोण उरणार यावर दोघींनी चक्क समोशांची पैज लावली होती. कॅपिटॉलचे लोकही पैजाच लावतात. आम्ही फार तर समोसे हरलो, पण पुस्तक मिटल्यावर मला ते जरा लागले.

ज्यांच्या पुढे अजून हे पुस्तक यायचे आहे त्या चौघींना माझी एकच विनंती आहे. रू नावाची बारा वर्षांची मुलगी मरते, कॅटनिस तिच्या देहावर फुले ठेवते, आणि त्यानंतर लगेच एक छोटी हवाई छत्री खाली येते, ते पान सावकाश वाचा. छत्रीला एक पाव बांधलेला असतो. तो पाठवलेला असतो अकराव्या जिल्ह्याने, रूच्या लोकांनी. दिवसभर शेतात राबून स्वतः अर्धपोटी राहणाऱ्या लोकांनी. रानात एखादी वस्तू पाठवायला जबर किंमत पडते. त्यांनी ती बहुधा रूसाठीच जमवायला घेतलेली असते. रू गेली, पण पैसे परत घेण्याऐवजी त्यांनी तो पाव दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला पाठवला. या स्पर्धेत असे पूर्वी कधी झालेले नव्हते. तो पाव देताना कोणीही तिच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली नाही.