सगळ्या गावाला ठाऊक, मग म्हातारीला वाली का नाही?

वाचकहो, तुमच्याच गावातली एखादी म्हातारी डोळ्यांसमोर आणा. नवरा जाऊन पाच-सहा वर्षे झालेली. दोन एकर जमीन तिच्या नावावर होती. ती धाकट्याने बक्षीसपत्र करून आपल्या नावावर घेतली. "आई, तुला काय वर घेऊन जायचंय? भाकर तर मीच घालणार की," असे म्हणून तिला तालुक्याला नेले, अंगठा घेतला आणि येताना स्टँडवर भजी खाऊ घातली. वर्षाच्या आत तिची खाट सोप्यातून उचलून गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. सकाळचा चहा बंद झाला. पुढे हात उगारला गेला. कुणी विचारले तर म्हातारी म्हणते, "न्हाणीत पाय घसरला." पोराची अब्रू तिला स्वतःच्या जिवापेक्षा मोठी वाटते.

आता एक हिशेब करा. हे कुणाकुणाला ठाऊक आहे? फेरफाराची नोंद तलाठ्याने घातली, म्हणजे जमीन गेल्याचे त्याला ठाऊक आहे. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार तिच्या खात्यावर पडतात आणि नातू ते त्याच दिवशी उचलतो, हे बँकेतल्या माणसाला ठाऊक आहे. म्हातारी वाळत चालली आहे आणि दंडावर काळे-निळे वळ आहेत, हे आशाताईने पाहिले आहे. तिच्या नावाचे धान्य दुसरेच कोणी नेते, हे रेशन दुकानदार जाणतो. रात्रीची आरडाओरड पोलीस पाटलाच्या कानावर गेली आहे. शेजारीण तर रोज पदराआड भाकर नेऊन देते.

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे! पण प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा आहे. तलाठी म्हणतो, कागद कायदेशीर आहे. बँकवाला म्हणतो, कार्ड आणि नंबर बरोबर आहे. आशाताई म्हणते, माझे काम गरोदर बायांचे. पोलीस पाटील म्हणतो, तक्रार आली तर बघू. हे तुकडे एका जागी आणून जोडणारे कोणी नाही, म्हणून म्हातारी पडवीतच राहते. आमचे म्हणणे एवढेच आहे की खाती भरपूर आहेत, कायदाही आहे. नाही ते एकमेकांशी बोलणे.

"हा घरचा मामला आहे, बाहेरच्यांनी पडू नये," असे पुष्कळ जण म्हणतात. बरे, शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला तर आपण मोजणी मागतो, चावडीवर पंच बसवतो, प्रांतापर्यंत जातो. वीतभर मातीसाठी जे करतो, ते जन्मदात्या आईसाठी करायला लाज कसली? आणि कायदा तर हा घरचा मामला मानतच नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम हा केंद्राचा कायदा २००७ सालचा. आपल्या राज्यात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याचे नियम २०१० साली झाले. इतकी वर्षे झाली, तरी गावात विचारा, दहातल्या एकाला तरी माहीत आहे का? म्हणून त्यातली कामाची कलमे सोप्या भाषेत सांगतो.

पहिले, अर्ज प्रांताकडे करायचा. उपविभागीय अधिकारी हेच या न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात. आई-वडिलांनी मुलांकडून निर्वाह मागायचा असेल तर वयाची अट नाही. साठी ओलांडलेल्या, मूलबाळ नसलेल्या माणसाला त्याची इस्टेट ज्याच्याकडे आहे किंवा वारसाने जाणार आहे, अशा नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. मुलगा पुण्या-मुंबईला असला तरी म्हातारीने तिथे जायचे कारण नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात अर्ज चालतो. तिला स्वतःला येता येत नसेल तर तिने सांगितलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज देऊ शकते. एवढेच नव्हे, तर न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर आणखी ३० दिवस. दरमहा कमाल १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह ठरवता येतो. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघते आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचे टाकून दिले, तर तो गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

दुसरे, जमिनीचे. २०१५ पासून आपल्याकडे शेतजमीन किंवा राहते घर मुला-नातवाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते, वरचे आकार वेगळे. सोय चांगली, पण त्यामुळे अंगठा घेणेही स्वस्त झाले. या कायद्याचे कलम २३ सांगते की "माझा सांभाळ करशील" या अटीवर इस्टेट दिली आणि मुलाने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. पण ही अट होती हे दिसले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तसे स्पष्ट सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने असेही सांगितले की हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावावा आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकते. पण कोर्टाच्या उदारपणावर विसंबून अंगठा उठवू नका. शेतकरी बंधूंनो, हात जोडून सांगतो, हयातीत सगळे देऊन मोकळे होऊ नका. द्यायचेच तर सांभाळाची अट कागदात लिहून घ्या. वाटणी करताना स्वतःचा वाटा ठेवा. त्यापेक्षा मृत्युपत्र बरे, ते जिवंतपणी केव्हाही बदलता येते. सातबाऱ्यावर नाव आहे तोवर पोरांना तुमची आठवण राहते, हे कडू आहे पण खरे आहे.

आता गावातल्या कारभाऱ्यांकडे वळतो. कुणी काय करावे?

तलाठी भाऊसाहेब, आता तुम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. म्हाताऱ्या माणसाच्या नावावरची जमीन उतरणार असेल, तेव्हा फेरफाराची नोटीस नुसती घरात टाकून येऊ नका. घरातही सगळ्यांच्या देखत नको, चावडीवर एकटीला समोर बसवा आणि विचारा, "आज्जे, हे तू तुझ्या मर्जीनं दिलंस का? तुला कोण सांभाळणार?" या दोन प्रश्नांना सरकारचा एक पैसा लागत नाही.

बँकेतल्या आणि पोस्टातल्या मंडळींनी खातेदाराला अधूनमधून समक्ष बोलवावे. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार, शिवाय निराधाराचे मानधन, ही रक्कम म्हाताऱ्याच्या औषधपाण्याची आहे. कार्ड नातवाकडे आणि गोळ्या उधारीवर, असे दिसले तर चौकशी करणे हा आगाऊपणा नव्हे.

आशाताई आणि नर्सबाई तर उंबरठ्याच्या आत जातात. त्यांच्याइतके कोणाला दिसत नाही. वजन उतरलेले, कपडे आठवडाभर तेच, घरात कुणी आले की म्हातारी बोलायची थांबते, या खुणा ओळखा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगा. मार लागला असेल तर डॉक्टरांनी तो कागदावर नीट लिहावा. पुढे तोच कागद तिच्या बाजूने बोलतो.

पोलीस पाटलांनी "तक्रार द्या" एवढ्यावर थांबू नये. आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यात असावी, महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडे जाऊन यावे, असे नियमच सांगतात. ती यादी तुमच्या माहितीशिवाय पुरी होणार नाही. आईला मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येते. बाईमाणसाला विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि जिल्ह्याचे समाजकल्याण अधिकारी या कायद्यात निर्वाह अधिकारी म्हणून ज्येष्ठांची बाजू मांडू शकतात. ही सगळी दारे उघडी आहेत, पण म्हातारीला तिथवर धरून नेणारा हात हवा.

तो हात कसा तयार होईल? आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एक दिवस, अर्धा तास, ग्रामपंचायतीत सहा जणांनी बसावे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई आणि गावातली एक विश्वासाची वयस्क बाई. एक वही ठेवावी. ती ग्रामसेवकाच्या कुलपात राहील, पारावर येणार नाही. प्रत्येकाने आपल्याकडचा तुकडा सांगावा. तीन जणांच्या तोंडून एकच नाव आले तर त्या घरी दोघांनी जावे, त्यात एक बाई हवीच. म्हातारीशी एकटीशी बोलावे. परत येऊन वहीत लिहावे की पुढचे पाऊल कोणते आणि ते कोण, कधी उचलणार. नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय बैठक उठू नये. "सर्वांनी लक्ष द्यावे" असे लिहिले की कुणीच लक्ष देत नाही, हा आपल्या सगळ्या ठरावांचा अनुभव आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिहिणे एकांगी होईल. प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे. म्हातारपणी विस्मरणाचा आजार होतो. दुपारी पोटभर जेवलेला म्हातारा संध्याकाळी पारावर सांगतो, "सून जेवायला घालत नाही." तिथे पोलीस नको, डॉक्टर हवा. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे एकट्या सुनेवर पडते, आणि नवरा व नणंदा लांबून उपदेश करतात. तिथे सुनेला दम देण्यापेक्षा कामाची वाटणी करून द्यावी. पीक गेलेले, सोसायटीचे कर्ज थकलेले, अशा घरात हलाखी सगळ्यांचीच असते. तिथे आधी निराधार योजनेचा अर्ज भरून द्या. आणि भावाभावांच्या वाटणीत म्हाताऱ्याला पुढे करून अर्ज ठोकणारेही असतात. सुनेला घराबाहेर काढायला हा कायदा वापरू पाहणारेही आहेत. सुनेचा राहत्या घरातला हक्क असा परस्पर मोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. म्हणूनच तर एकट्यादुकट्याने निवाडा करू नये. सहा जण बसले, डॉक्टरचे मत घेतले, कागद पाहिला, म्हणजे खरे-खोटे निवडता येते.

आणखी एक. म्हातारीला काय हवे ते तिलाच विचारा. तिला बहुधा पोराला तुरुंगात धाडायचे नसते. तिला दोन वेळची भाकर, औषध, अंगावर धड लुगडे आणि घरात एक शब्द हवा असतो. पुष्कळ ठिकाणी सरपंच आणि पोलीस पाटील जोडीने उंबऱ्यात उभे राहिले तरी काम होते. समजुतीने झाले तर उत्तमच. पण ठरलेले कागदावर घ्या आणि महिन्याने पुन्हा जा. समजूत घालून आलो आणि विसरलो, तर त्या रात्री मार तिलाच बसतो. म्हणून एकदा दार ठोठावले की मग सोडून चालत नाही.

हे होण्यासारखे नाही असे कुणी म्हणेल. त्यांनी लातूरकडे पाहावे. तिथल्या जिल्हा परिषदेने २०२०-२१ मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती त्या आई-वडिलांकडे वळती करायला सुरुवात केली. त्यात शिक्षकही होते! शिकलेला, पगारदार मुलगाही आईला विसरतो, हे त्यातून दिसले. आणि कार्यालयाने मनावर घेतले तर त्याला आठवण करून देता येते, हेही दिसले.

रात्री-अपरात्री मारहाण झाली तर ११२ लावा. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत नंबर आहे, तो दिवसा चालतो. हे दोन्ही नंबर रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा, म्हातारी माणसे तिथे येतातच.

१ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस. त्या दिवशी शाल-नारळ देऊन फोटो काढण्याची पद्धत आहे. काढा, आमची हरकत नाही. पण दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, ग्रामसभा असते. त्या सभेत सहा जणांची नावे आणि बैठकीची तारीख ठरावात घाला. आणि सभा संपल्यावर, घरी जाता जाता, त्या पडवीपाशी थांबून एवढेच विचारा, "आज्जे, जेवलीस का?" उत्तर द्यायच्या आधी ती घराच्या दाराकडे बघते का, ते पाहा. तिने बघितले, तर पुढच्या बैठकीत पहिले नाव कुणाचे घ्यायचे ते तुम्हाला कळेल.