एका सिगारेटचा हिशेब

‘पाकीट घेतलं की संपतं, म्हणून सुटी घेतो. दिवसाला दोनच.’ पानटपरीवर हे वाक्य नेहमी ऐकू येते. असे बोलणाऱ्याने मनावर ताबा ठेवून सिगारेट खरोखरच कमी केलेली असते. त्या संयमाची कदर केली पाहिजे. पण दहाच्या दोन झाल्या म्हणजे धोकाही तेवढाच उतरला, असे तो धरून चालला असेल, तर ही समजूत त्याच्या जिवावर बेतू शकते.

कमी ओढल्याचा फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत काही फायदा होतो. हृदयाचे मात्र तसे नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१८ मध्ये १४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण छापले. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे ४८ टक्के जास्त, स्त्रीला ५७ टक्के जास्त. वीस सिगारेटींनी जेवढा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा एकीनेच वाढतो. शिवाय संख्या घटली की झुरके खोल जातात, थोटूक शेवटपर्यंत ओढले जाते.

हे धूम्रपान करणाऱ्यांना कितपत ठाऊक आहे? मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलेल्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपानाने गंभीर आजार होतात असे ९२ टक्के प्रौढांनी सांगितले. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण धूम्रपान वाईट हे मान्य करणारा माणूस आपल्या दोन सिगारेटींना त्यातून वगळत असेल, तर ते या होकारातून कळायचे कसे? त्यासाठी प्रश्नच वेगळा हवा: वीसवरून एकीवर आलात तर हृदयविकाराचा वाढीव धोका किती उरेल? जवळजवळ शून्य, विसावा हिस्सा, की निम्म्याच्या आसपास? आणि उत्तरे सुटी घेणाऱ्यांची व पाकीट घेणाऱ्यांची वेगवेगळी मोजायला हवीत.

हा भेद महत्त्वाचा आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो. सप्टेंबर २०१८ पासून त्यावर व्यसनमुक्तीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही आहे. सुटी घेणाऱ्याच्या हाती यातले काहीच पडत नाही. याच कारणासाठी महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीची विक्री बंद केली. आदेश कागदावर आहे, विक्री टपरीवर चालूच आहे. कॅनडाने २०२३ च्या नियमांनी प्रत्येक सिगारेटवरच इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे तसा विचार तरी व्हावा.

कमी करणाऱ्याला ‘उपयोग नाही’ असे ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल; तो पुन्हा पाकिटाकडे वळेल. दोनवर आलेला माणूस सोडण्याच्या सर्वांत जवळ उभा आहे असे समजून डॉक्टरांनी त्याच्याकडून तारीख ठरवून घ्यावी. आरोग्य खात्याने पुढच्या सर्वेक्षणात वरील प्रश्न घालावा आणि तोवर मोफत क्रमांकाची पाटी प्रत्येक टपरीवर, गिऱ्हाइकाच्या नजरेच्या उंचीवर लावणे बंधनकारक करावे.