पश्चिमेची भिंत आधी

वाशिम, रिसोड, कारंजा, कुठेही पाहा. नव्या घराचा सारा थाट रस्त्याकडच्या भिंतीवर उतरतो. टाइल्स, एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) शीट, गडद टेक्सचर सगळे तिथेच. बाजूच्या भिंतींच्या नशिबी उरल्यासुरल्या पैशांतला एक हात गिलावा, कधी तोही नाही. बाहेरच्या भिंतींचे काम असे ‘एलिव्हेशन’पासून ठरवणे चूक आहे. ते पश्चिमेच्या भिंतीपासून ठरायला हवे.

आपला वाशिम जिल्हा 20 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मे महिन्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागत नाही. पारा चाळिशीपार असताना चारचे तिरपे ऊन मात्र पश्चिमेची भिंत तापवते आणि ती उष्णता रात्री खोलीत उतरते. पावसाळ्यातला वाराही मुख्यतः पश्चिमेकडचा, म्हणजे झोडपा पाऊसही तीच झेलते. त्यात आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. पाया कच्चा राहिला की भिंतींना भेगा पडतात. टाइल्सखालची भेग दिसत नाही, पाणी मात्र मुरत राहते. गिलाव्यावरची भेग दिसते आणि वेळीच बुजवता येते. म्हणून दोन थरांचा, सुमारे 20 मिलिमीटरचा सँडफेस गिलावा, वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी, किमान सात दिवस पाणी आणि वर बाहेरच्या भिंतींसाठीचा फिकट रंग, हीच निवड शहाणपणाची.

फिकट रंग मळतो, दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण चिखलाचे शिंतोडे बहुतेक खालच्या दोन-तीन फुटांवरच उडतात. तेवढ्या भागाला इथलाच काळा दगड लावावा. रंगाचा खर्च आधी ठाऊक असतो. निखळलेल्या टाइलची जोड मात्र काही वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही. साधी भिंत गरीब दिसते म्हणणाऱ्यांनी सावली देणारा छज्जा आणि ओटा यांवर खर्च करावा. शोभाही येते, गारवाही. एसीपीचा मोह असेल, तर 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 जणांचा बळी घेणारी आग प्लास्टिकचा गाभा असलेल्या अशाच आवरणामुळे पसरली, हे लक्षात ठेवावे. दुमजली घराला तेवढा धोका नाही, पण गाभा कशाचा आहे हे विचारल्याशिवाय शीट घेऊ नये.

मिस्त्रीशी हिशेब करताना पश्चिमेच्या भिंतीचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात दर्शनी भाग सजवा.